‘तू हो पुढे’ म्हणणाऱ्याबद्दल

रत्नागिरी,
सोमवार, सकाळ

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री तीनदा वाचला. उत्तर मोबाइलवर लिहिता आलं असतं, पण माझी बोटं त्या इवल्या अक्षरांवर चुकतात आणि राग आला की जास्तच चुकतात. म्हणून कागद घेतला. फोटो काढून पाठवतो.

धावण्याच्या शर्यतीच्या तुझ्या तयारीबद्दल मी काही बोलणार नाही. सहा महिने तू पहाटे साडेचारला उठतेस हे तुझी आई मला तक्रारीच्या सुरात सांगते आणि त्या सुरातलं कौतुक लपत नाही. तुझा प्रश्न तयारीचा नाहीच. तो तुमच्यातल्या चौथ्याचा आहे.

तू लिहितेस, ‘काका, 50 किलोमीटर आम्ही तिघं साडेसात तासांत मारू. त्याला नऊ-साडेनऊ लागतील. तो स्वतःच म्हणतोय की तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून. मग थांबायचं कशाला?’

आपल्याकडे हे ‘तू हो पुढे’ कसं म्हणतात ते तुला ठाऊक आहे. पंगतीत ‘नको, पुरे’ म्हणतात, अगदी तसंच. नको असलं तरी म्हणतात, हवं असलं तरी म्हणतात. वाढणाऱ्याने ताटाकडे बघायचं असतं. तू मला त्याचे शब्द कळवलेस. तो म्हणाला तेव्हा त्याचा चेहरा कसा होता, ते तुझ्या एवढ्या मोठ्या मेसेजमध्ये कुठेच नाही.

आता जरा हिशेब करू, कारण तुला हिशेब पटतो. तुमची शर्यत संकष्टीच्या दिवशी आहे. (तुमच्यातलं कुणी उपास धरणार असेल तर आत्ताच सोडायला सांग. साबुदाण्यावर 50 किलोमीटर होत नाहीत.) भरतीची वेळ काढायची कोळ्यांची रीत तुला माझ्याकडून एव्हाना पाठ असायला हवी: तिथीची पाऊणपट. चतुर्थी, म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन. तीनच्या सुमारास पूर्ण भरती, नऊ-सव्वानऊला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. तुम्ही पाचला सुटणार. पुळणीचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूचा टप्पा छत्तिसाव्या किलोमीटरनंतर. तुम्ही तिघं तिथे साडेदहाच्या आगेमागे पोचाल. पाणी खाली असेल, ओली वाळू फरशीसारखी कडक असेल, डोक्यावरचं ऊनही सोसवेल. तो पोचेल साडेअकरा-बाराला. तोवर कडक पट्टी पाण्याखाली जायला लागलेली असेल. त्याच्या वाट्याला वरची भुसभुशीत, तिरकी वाळू, समोरून खारा वारा आणि त्याआधी तापलेल्या सड्यावर, उघड्या कातळमाळावर काढलेला जास्तीचा तास-सव्वा तास. जांभ्याच्या कातळावर दुपारी सावली शोधून बघ एकदा. गडग्याची, दगडी कुंपणाची सावलीसुद्धा गडग्याच्या पायाशी गोळा झालेली असते.

म्हणजे मागचा माणूस तुमचीच शर्यत हळू धावत नसतो. त्याची शर्यत वेगळी असते, तुमच्याहून अवघड असते, आणि ती तो एकटा धावत असतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. 2002 च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तर 13 टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम प्रमाणापेक्षा कमी निघालं. धोका जास्त कुणाला होता? ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला आणि ज्यांनी धावताना इतकं पाणी प्यायलं की शेवटी वजन वाढलं, त्यांना. जो जास्त वेळ रस्त्यावर, त्याला प्यायला जास्त वेळ. आणि आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो, मीठ घेऊन जातो. मग माणूस प्रत्येक थांब्यावर घटाघटा साधं पाणी पितो आणि आपण त्याला शाबासकी देतो, ‘बरं करतोयस, पाणी पीत राहा.’

मीही दिली होती.

फेब्रुवारी 2017. शर्यतीचं नाव घेत नाही, आयोजकांची त्यात काही चूक नव्हती. आम्ही दोघे होतो, मी आणि माझा एक मित्र. बारा वर्षं एकत्र धावलेले, पूर्णगडापासून भाट्यापर्यंतची एकही पाखाडी, पायऱ्यांची वाट न सोडलेले. कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला तो अठरा मीटरचा हत्ती आहे ना, तो आम्ही पहिल्यांदा बघितला तेव्हा मी घड्याळ बघत होतो आणि हा उकिडवा बसून हत्तीच्या पोटात कोरलेले बाकीचे प्राणी बोटाने दाखवत होता. ‘हा बघ, हा बघ.’ मला अर्धे दिसलेच नाहीत.

तर त्या शर्यतीत अठ्ठाविसाव्या किलोमीटरच्या थांब्यावर त्याने घड्याळाचा पट्टा सैल केला. दोन भोकं. मी बघितलं. बोटंही फुगली होती, अंगठी रुतली होती. उन्हाने सुजतात थोडी, असं मनाशी म्हटलं. एकतिसाव्याला सड्याच्या चढावर तो थांबला, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, ‘तू हो पुढे. मी येतो मागून.’ पुढच्या थांब्याचा कटऑफ, म्हणजे तिथे पोचायची शेवटची मुदत, चाळीस मिनिटांवर होता. मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि गेलो.

8 तास 12 मिनिटं. पदक कपाटात आहे.

तो एका गडग्याला टेकून बसलेला सापडला. काजूच्या बागेत आलेल्या एका बाईला. ओकत होता, स्वतःचं नाव सांगताना अडखळत होता. तिने दोन पोरांना पाठवून शर्यतीची माणसं आणवली आणि ती आल्यावर पहिला प्रश्न विचारला, ‘हा कुणाचा माणूस?’ हे मला नंतर कळलं. रक्तातलं सोडियम 135 च्या वर लागतं, त्याचं 121 होतं. तीन रात्री दवाखान्यात काढल्या. बरा झाला, ठणठणीत आहे. लग्नाकार्यात भेटतो. यंदा मोहोर कसा आहे यावर आम्ही बोलतो. नंतर तो माझ्याबरोबर एक किलोमीटरही धावला नाही आणि त्या दिवसाबद्दल एका शब्दाने बोलला नाही.

आता तू म्हणशील, काका, पण तुमचं काय चुकलं? हे मी स्वतःला तुझ्याहून जास्त वेळा विचारलंय, तेव्हा ऐक. तो पन्नाशीचा जाणता माणूस होता. त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं. मागे स्वीपर, शेवटच्या धावपटूंमागून येणारी शर्यतीची माणसं, होते. मी डॉक्टर नाही, थांबून मी काय दिवे लावणार होतो? सोडियमचं हे सगळं मी त्या तीन रात्रींत दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं, आधी मला त्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. कटऑफ चुकला असता तर दोघांचीही शर्यत गेली असती. नियमात बसून बघितलं तर माझ्यावर काही येत नाही. चारचौघांत विचार, सगळे माझ्या बाजूने बोलतील. बोललेही.

पण पट्टा मी बघितला होता.

म्हणून मी हट्टी झालोय आणि म्हातारा झालो म्हणून झालोय असं तुम्ही पोरं आपसात म्हणता तेही मला ठाऊक आहे. म्हणा. ‘तू हो पुढे’ म्हणणाऱ्याला सोडून पुढे व्हायचं नाही. तो हसत म्हणाला तरी नाही. रागावून म्हणाला तरी नाही. तुझी आयुष्यातली सगळ्यात चांगली वेळ लागणार असली तरी नाही.

तुला वेळ हवी आहे ना? त्यात लाजण्यासारखं काही नाही, मलाही हवी होती. मग एकटीने नाव घाल, सुसाट जा, मी शेवटच्या रेषेवर शिट्टी वाजवायला येतो. पण चौघांचा एक फोटो टाकायचा, चौघांचे एका रंगाचे टीशर्ट शिवून घ्यायचे आणि एकतिसाव्या किलोमीटरला ‘शर्यत शेवटी ज्याची त्याची’ म्हणायचं, हे मला चालत नाही. रापण ओढताना लहानपणापासून बघतेस. दोन टोकं, दोन रांगा. एका रांगेने जोर दाखवून भरभर ओढलं की जाळं तिरकं होतं आणि मासळी निसटते. त्या जोरवाल्यांना किनाऱ्यावर काय ऐकून घ्यावं लागतं, तेही तू ऐकलं आहेस.

तेव्हा बोला. चौघं एकत्र बसून, शर्यतीच्या आधी, आणि भरल्या पोटी बोला. सड्यावर, तहानलेल्या तोंडाने घेतलेला निर्णय तुमचा नसतो, तो कटऑफचा असतो. बरोबर जायचं ठरलं तर वेग त्याचा. त्याला शेवटी ठेवू नका, दुसऱ्या नंबरवर ठेवा. शेवटचा माणूस सतत पुढच्यांच्या पाठी बघत राहतो आणि आपण ओझं झालोय या विचारानेच निम्मा दमतो. पिण्यात मीठ हवंच. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते, ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत कोंबू नका. सड्यावरच्या थांब्याला पेज मिळाली तर सरबत सोडून पेज प्या. थांब्यावर आत चौघं, बाहेर चौघं.

आणि खरंच त्याला थांबावं लागलं तर? लागू शकतं. तेव्हा त्याला एखाद्या जागेवर बसवून निघू नका, माणसाच्या हाती द्या. थांब्यावरच्या कुणाचं तरी नाव विचारा, त्याला सांगा की हा आमचा माणूस, इतका वेळ झाला, इतकं पाणी प्यायलाय, आणि मग जा. त्यापुढे तुम्ही धावलात तर मी काही बोलणार नाही. कदाचित तुमचं धावणंही तेव्हा जरा बरं होईल. माझं शेवटचं एकोणीस किलोमीटरचं धावणं कसं झालं ते मला आठवत नाही. वाट आठवते, धावणं नाही.

मी जरा जास्तच बोललो असेन. तुझ्यावर राग नाही. तू विचारलंस तरी. मी तेव्हा कुणाला विचारलंही नव्हतं.

शर्यत अजून वीस दिवसांवर आहे. येत्या शनिवारी शुद्ध चतुर्थी, म्हणजे पाण्याच्या वेळा शर्यतीच्या दिवशीच्याच. चौघंही भाट्याला या. सकाळी साडेनऊला पुळणीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा धावा. मग सुरूच्या बनात बसा, मी भाकरी आणि सोलकढी घेऊन येतो. आणि दीड वाजता तेवढंच अंतर पुन्हा धावा, या वेळी तुम्ही तिघं मागे आणि तो पुढे.

येण्याआधी एक काम कर. त्याच्या घड्याळाचा पट्टा रोज कितव्या भोकात असतो, ते बघून ठेव.

तुझा,
काका