गोळ्या थांबवू नकोस, देवाशी भांडणंही थांबवू नकोस

पत्र: मावशी, आठ महिन्यांपूर्वी यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अजून अडखळतं. कंपनीतलं काम सुटलं. मी घरून पोळ्या करून देते, त्यावर घर चाललंय. मुलगा दहावीला आहे. मंडळीतले, म्हणजे आमच्या चर्चमधले, लोक म्हणतात, तुमचा विश्वास कमी पडतोय, घरात लपलेलं पाप असेल तर कबूल करा. सासूबाई एका आरोग्यसभेला, म्हणजे आजारी बरे व्हावेत म्हणून मांडवात भरते त्या प्रार्थनासभेला, जाऊन आल्या. तिथले उपदेशक म्हणाले, तीन महिन्यांत तुमचा मुलगा चालेल, पण गोळ्या बंद करा, गोळी म्हणजे अविश्वास. शिवाय 15 हजारांचं ‘विश्वासाचं बी’ पेरायचं, म्हणजे तेवढे पैसे त्यांना द्यायचे. सासूबाई मला कानातले मोडायला सांगतायत. आमच्या भिंतीवर पवित्र शास्त्रातल्या वचनाचं कॅलेंडर आहे, यिर्मया 29:11, देवाचे हिताचे संकल्प. परवा मी ते उलटं करून टाकलं. प्रार्थनेला डोळे मिटले की नुसता राग येतो. हे पाप आहे का?
(एक बहीण, नगर जिल्हा)

प्रिय मुली,

आधी गोळ्यांचं बोलू, बाकीचं थोडं थांबेल. एकदा झटका आलेल्या माणसाला दुसऱ्याचा धोका असतोच. रक्तदाबाची आणि रक्त पातळ करणारी गोळी तो धोका कमी करायला असते. ती मनाने बंद करायची नाही, कुणी कितीही मोठ्या आवाजात प्रार्थना करत असला तरी. काही बदल करायचा तर तो डॉक्टर करतील. कानातलेही कानातच राहू देत. ते मोडायची वेळ आलीच, तर फिजिओच्या फीसाठी मोड.

सासूबाईंशी मात्र वाद घालत बसू नकोस. त्यांचा लेक खाटेवर आहे, त्यांना कुणीतरी तारीख सांगितली आणि त्यांनी ती पदराला बांधली. त्यांना त्यांच्याच पवित्र शास्त्रातलं दाखव. 2 राजे, अध्याय 20. हिज्किया राजा मरणाला टेकला होता, तो रडून प्रार्थना करतो, देव ती ऐकतो, आयुष्याची 15 वर्षं वाढवून देतो. आणि इतकं झाल्यावर यशया संदेष्टा काय सांगतो? अंजिरांची ढेप आणा नि गळवावर बांधा. म्हणजे औषध! देवाने प्रार्थना ऐकली होती, तरी लेप लावलाच. मग याकोबाचं पत्र काढ, 5:14. कुणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. आजाऱ्याने उठून मांडवात जायचं नाही, वडिलांनी त्याच्या खाटेपाशी यायचं. पैशाचा तर तिथे उल्लेखही नाही. तुमच्या पाळकसाहेबांना घरी बोलाव, सासूबाईंना शेजारी बसव. त्यांचं मन निवेल, नि सकाळची गोळीही चुकणार नाही.

आता ‘लपलेलं पाप’. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे तिघे मित्र आले, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. तेवढंच त्यांनी चांगलं केलं! तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. पानंच्या पानं तेच, तू काहीतरी केलं असशील, कबूल कर. शेवटी देव कुणावर भडकतो? एलीफजावर आणि त्याच्या दोन मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं योग्य बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं तो त्यांना सुनावतो. ईयोब काय बोलला होता ते वाच एकदा. त्याने आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली. तुझा राग त्याच्यापुढे काहीच नाही. आणि योहान 9 मध्ये शिष्यांनी जन्मांधाकडे बोट दाखवून विचारलं, पाप याचं की आईबापाचं? येशूने दोन्ही नाकारलं. पुढच्या वेळी कुणी ‘कबूल करा’ म्हणालं तर हा अध्याय त्यांच्या हातात दे आणि पोळ्या लाटायला लाग.

(आणखी एक होईल, सावध राहा. कुणीतरी पंडिता रमाबाईंचं उदाहरण देईल. दुष्काळात आईवडील गेले, 1882 मध्ये नवरा गेला, 1921 मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, तरी केडगावचं निराधार बायकांसाठीचं काम थांबलं नाही. सगळं खरं आहे, बाई फार मोठी होती. पण तिचं दुःख तुला गप्प बसवायची काठी म्हणून कुणी वापरू नये. दार लावून घेतल्यावर ती देवाशी काय बोलली, ते सांगणाऱ्याने ऐकलेलं नसतं.)

कॅलेंडर उलटं केलंस ते मला समजतं. ते एकच वचन भिंतीवर टांगलं की खोटं वाटायला लागतं, कारण त्याच्या आजूबाजूचं कुणी छापत नाही. हा मजकूर एका पत्रातला आहे. यरुशलेमेहून यिर्मया संदेष्ट्याने ते बाबेलला (बॅबिलोनला) लिहिलं, घरदार सुटून परमुलखात नेलेल्या लोकांना. त्याच्या आधीचा 28वा अध्याय उघड. हनन्या नावाचा संदेष्टा सगळ्यांसमोर, देवाचंच नाव घेऊन सांगतो की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना काय, गोडच वाटलं असणार. यिर्मया म्हणतो, हा तुम्हाला खोट्यावर भरवसा ठेवायला लावतोय. आणि पत्रात लिहितो, 70 वर्षं लागतील. घरं बांधा, बागा लावा, त्यांची फळं खा, मुलाबाळांची लग्नं करा. हे सगळं सांगून झाल्यावर ते हिताच्या संकल्पांचं वाक्य येतं.

तुमचा तीन महिनेवाला आणि हनन्या, दोघांत मला तरी फरक दिसत नाही. देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे तारखेवर भरवसा ठेवायचा, असं तुला शिकवलं गेलंय आणि तारीख चुकली की दोष तुझ्यावर. यिर्मयाचं ऐकायचं तर तुझा भरवसा आत्ताच, रोज, चालू आहे: मुलाचा दहावीचा फॉर्म भरलास, यांच्या उजव्या हाताला रोज व्यायाम देतेस, परक्या गावात बाग लावावी तसं. यजमान पूर्ण बरे होतील का, मी सांगू शकत नाही. मुलाने विचारलं तर त्यालाही हेच सांग, ‘माहीत नाही, पण व्यायाम चालू ठेवू.’ दहावीचा मुलगा आहे, खोटं लगेच ओळखतो.

प्रार्थना होत नाही म्हणतेस. स्तोत्र 88 मोठ्याने वाच. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते उपासनेच्या पुस्तकात ठेवलं आहे, कुणी काढून टाकलं नाही. तेही जमलं नाही तर मार्क 9 मधल्या बापाचं एक वाक्य पुरे: ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ त्याचा मुलगा लहानपणापासून झटक्यांनी आगीत, पाण्यात पडत होता. येशूने त्याला ‘आधी विश्वास पूर्ण करून ये’ म्हणून परत पाठवलं नाही. अशी वेळ आली की राग राग करूनच बोल. मुकाट्याने पाठ फिरवण्यापेक्षा ते बरं.

दोन कामाच्या गोष्टी. सरकारी रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी कर, आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात योजनेची माहिती देणाऱ्या आरोग्यमित्राला भेटून काय बसतं ते विचार. रेशन कार्ड, आधार बरोबर ने.

आणि महिला संघाच्या बायका ‘काही लागलं तर सांग’ म्हणतात ना, त्यांना सांगच. एकमेकांची ओझी वाहा, हे गलतीकरांस पत्रात त्यांनाच लिहिलंय. मंगळवारी फिजिओकडे न्यायला एक जण, दुपारी दोन तास यांच्याजवळ बसायला दुसरी, म्हणजे तुला झोपता येईल. ‘नको, फक्त प्रार्थना करा’ असं म्हणून त्यांना सोडून देऊ नकोस.

तुझी,
मावशी