शस्त्रक्रिया नाकारल्यावर प्रायोगिक उपचारांचा शोध

प्रश्न : माझ्या थोरल्या भावाची काही वर्षांपूर्वी बायपास झाली होती. आता जोडलेल्या वाहिन्याही बंद झाल्या असून चार पावले चालले तरी त्याच्या छातीत दुखते. इजेक्शन फ्रॅक्शन (हृदय दर ठोक्याला आतल्या रक्ताचा जेवढा भाग बाहेर ढकलते त्याचे प्रमाण) २५ टक्के आहे. पुन्हा बायपास किंवा अँजिओप्लास्टी शक्य नाही, औषधेच चालू ठेवा, असे डॉक्टर म्हणतात. एका खासगी केंद्राने स्टेम सेलच्या (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या मूळ पेशींच्या) इंजेक्शनने हृदयाचा नवा स्नायू तयार होईल असे सांगून आगाऊ रक्कम मागितली आहे. आम्ही काय करावे?
– एक वाचक भगिनी

उत्तर : शस्त्रक्रिया नेमकी कोणत्या कारणासाठी नाकारली, हे आपल्या पत्रात नाही आणि पुढचे बरेच काही त्यावरच अवलंबून आहे. वाहिन्या इतक्या बारीक व ठिकठिकाणी चोंदलेल्या असतील की नवी वाहिनी जोडायला जागाच उरलेली नाही, किंवा मूत्रपिंडे व फुप्फुसे शस्त्रक्रियेचा ताण पेलणार नाहीत, तर गोष्ट वेगळी. परंतु त्या रुग्णालयाला अशा अवघड शस्त्रक्रियांचा सराव नाही एवढेच कारण असेल, तर आपल्याला दुसऱ्या हृदयरोग पथकाचे मत हवे आहे, प्रयोग नव्हे. हे मत घेताना अँजिओग्राफीचा छापील अहवाल पुरत नाही, मूळ चित्रणाची सीडी सोबत न्यावी. त्याच भेटीत हृदयविफलतेच्या चारही प्रमुख गटांतील औषधे भावाला पुरेशा मात्रेत चालू आहेत का, हेही विचारावे, कारण ‘औषधेच चालू ठेवा’ असे सांगितलेल्या रुग्णांची मात्रा पुष्कळदा सुरुवातीलाच अडकून राहिलेली असते. हृदयप्रत्यारोपण आणि डाव्या जवनिकेला (शरीरभर रक्त ढकलणाऱ्या हृदयाच्या कप्प्याला) मदत करणारा यांत्रिक पंप हे आता प्रायोगिक उपचार राहिलेले नाहीत. भाऊ त्यांसाठी पात्र आहे का, याची तपासणी आधी व्हावी.

आता स्टेम सेलविषयी. अस्थिमज्जेतील पेशी हृदयात सोडण्याचे प्रयोग दोन दशकांहून अधिक काळ चालू आहेत, पण त्यांतून नवा स्नायू तयार होतो हे सिद्ध झालेले नाही. हृदयातील स्टेम पेशींवर गाजलेल्या एका प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत, अशी शिफारस हार्वर्डने २०१८ मध्ये केली. आपल्याला दिलेले आश्वासन पुराव्याच्या कितीतरी पुढे गेलेले आहे.

‘पण अमक्याला त्याचा गुण आला’ असेही आपल्या कानावर येईल, आणि तो माणूस खोटे बोलत असेल असे नाही. एके काळी छातीतील एक धमनी बांधली की अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत होणारे दुखणे, कमी होतो असे मानत. १९५९ मध्ये काही रुग्णांची धमनी बांधण्यात आली, तर काहींना केवळ वरवरचा छेद देण्यात आला. बरे वाटण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. म्हणून छातीच्या दुखण्यावरील कोणत्याही नव्या उपचाराची तुलना नकली उपचाराशी झाली आहे का, हा माझ्या मते पहिला प्रश्न.

या कसोटीला काही प्रमाणात उतरलेले एक साधन आहे. हृदयाच्या स्नायूतील रक्त परत नेणाऱ्या कोरोनरी सायनस या शिरेत डमरूच्या आकाराची जाळी बसवून ती अरुंद केली जाते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत ३५ टक्के रुग्णांचा अंजायना तीव्रतेच्या किमान दोन श्रेणींनी उतरला, नकली उपचाराच्या गटात १५ टक्क्यांचा. आयुष्य वाढते असे मात्र त्यातून दिसलेले नाही, आणि हृदयाची रक्त ढकलण्याची क्षमता इतकी कमी असताना ते बसवावे का, हे तज्ज्ञांनीच ठरवावे. पायांभोवती पट्टे बांधून हृदयाच्या ठोक्याबरोबर दाब देणारा ईईसीपी हा उपचारही काहींना दिलासा देतो. तो साधारण ३५ तासांचा असून महाधमनीची झडप फार गळत असल्यास देत नाहीत.

प्रयोग म्हणजे फसवणूक, असे मी म्हणत नाही. महाधमनीची झडप छाती न उघडता बसवण्याची पद्धत २००२ मध्ये फ्रान्समध्ये अॅलन क्रिबिए यांनी शस्त्रक्रिया नाकारलेल्या रुग्णावरच प्रथम वापरली, आणि आज ती सर्वमान्य आहे. मात्र खऱ्या चाचणीची सार्वजनिक नोंदवहीत नोंद असते, नीतिशास्त्र समितीची मान्यता असते, इजा झाल्यास जबाबदारी कोणाची हे संमतिपत्रात लिहिलेले असते आणि तपासाधीन उपचाराचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत. त्या केंद्राकडे नोंदणी क्रमांक मागा व तो भावाच्या हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. तोवर रक्कमही भरू नका आणि इंजेक्शनही घेऊ नका, कारण आधी पेशी टोचून घेतलेल्या रुग्णाला पुढे अनेक चाचण्यांत प्रवेश मिळत नाही.