‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर काय सांगू?

प्रश्न : सर, मी राधानगरी तालुक्यातला. यंदा मेकॅनिकलचा डिप्लोमा झाला. शाळा मराठी माध्यमाची. पुढच्या आठवड्यात कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी विभागासाठी मुलाखत आहे, आयुष्यातली पहिलीच. इंग्रजी बोलताना गडबडतो. अनुभव नाही. शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी उसाचे डोळे काढायचं यंत्र केलं होतं, तेवढंच. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर काय सांगू?

उत्तर : त्या यंत्राबद्दलच सांग. तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे. फौंड्रीत क्वालिटीचं काम करताना मी बरीच वर्षं नव्या पोरांच्या मुलाखती घेतल्या. समोरचा पोरगा नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, छंद वाचन आणि क्रिकेट असं पाठ म्हणायला लागला, की पुढं विचारायला काही सापडत नसे. मग आम्ही पुस्तकातलं विचारायचो आणि तो अडकायचा. ज्यानं हातानं केलेलं काम सांगितलं, त्याला त्या कामातलंच विचारलं जायचं.

तेव्हा नाव, गाव, डिप्लोमा दोन वाक्यांत उरक आणि यंत्रावर ये. चौघांत तुझा वाटा कोणता, ते आधी ठरव. ‘आम्ही केलं’ म्हणालास की पुढचा प्रश्न ‘तू काय केलंस?’ हाच असतो. पातं कुठल्या पोलादाचं, तेच का, डोळा चिरला जात होता तेव्हा काय बदललं, वेल्डिंग कुणी केलं, खर्च किती आला, हे मित्रांना फोन करून वहीत लिहून काढ. बिघडलेलं लपवू नकोस. काय चुकलं आणि कारण कसं शोधलं, हेच क्वालिटीच्या माणसाला ऐकायचं असतं.

व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, हातात देतील असं धरून चाल. मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर व्हर्नियरवर ५० भागांत विभागलेले असतात, म्हणून लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिलिमीटर. नुसता आकडा पुरत नाही, तो कुठून आला ते सांगता यायला हवं. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये जाऊन थोडी मापं घेऊन ये. ग्रे आयर्न आणि एसजी आयर्न या ओतीव लोखंडाच्या दोन प्रकारांतला फरकही बघून ठेव : पहिल्यात ग्रॅफाइट पापुद्र्यांसारखं असतं, दुसऱ्यात मॅग्नेशियममुळं गोळ्यांसारखं, म्हणून एसजी ताण जास्त सोसतं. ब्लो होल म्हणजे ओतलेल्या धातूत अडकलेल्या वायूची पोकळी. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त झाला तरी ती होते. श्रिंकेज वेगळं. धातू थिजताना आकसतो आणि रायझरमधून (साच्यातल्या जादा धातूच्या साठ्यातून) पुरेसा धातू मिळत नाही, तेव्हा ती पोकळी राहते. या दोन्हींत पोरं फार गल्लत करतात.

इंग्रजीत सुरुवातीची चार-पाच वाक्यं तयार ठेव, घरात कुणाला तरी समोर बसवून मोठ्यानं म्हण. पुढं अडलास तर ‘सर, हे मराठीत सांगू का?’ असं विचार. शॉपवर बोलणं मराठी-हिंदीतच चालतं. पण ड्रॉइंग आणि तपासणीचे रिपोर्ट इंग्रजीत असतात, ते वाचता आलेच पाहिजेत. टॉलरन्स (मापात चालणारा फरक), सरफेस फिनिशच्या (पृष्ठभाग किती गुळगुळीत हवा त्याच्या) खुणा बघून जा. इथं सूट नाही.

घरची अडचण सांगून नोकरी मागू नकोस, हे मी आवर्जून सांगतोय. अडचण खरी असेल, पण समोरच्याला तुला काम झेपेल का एवढंच ठरवायचं असतं. पहाटे डेअरीला दूध घालून कॉलेजला जात असशील, तर ते मात्र अभिमानानं सांग.

पावसाचे दिवस आहेत. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. पंचगंगेचं पाणी चढायची लक्षणं दिसली, तर कंपनीला फोन करून मुलाखत आहे ना ते विचार आणि आदल्या दिवशीच शहरात पाहुण्यांकडं मुक्कामाला ये. मार्कलिस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घाल.

अप्रेंटिस म्हणून घेतो म्हणाले, तर लगेच नाराज होऊ नकोस. करार किती महिन्यांचा, स्टायपेंड किती, शेवटी प्रमाणपत्र कोणतं, आणि आधीच्या पोरांतले किती जण कायम झाले, हे शांतपणे विचार. घरी विचारून कळवतो म्हटलंस तरी चालतं, फक्त कोणत्या दिवशी कळवणार ते तिथंच सांगून ये.