वाचक विचारतात : 'बुलिश' म्हणजे नेमकं काय?

प्रश्न : टीव्हीवर बाजाराचे जाणकार सारखे सांगतात, "या शेअरवर आम्ही बुलिश आहोत." म्हणजे भाव वाढणारच, असं धरायचं का? आपण तेजी म्हणतो तेच का हे? – एक वाचक, सांगली

उत्तर : वाढणारच असं मुळीच धरू नका. तेजी भावात दिसते; बुलिश असतो तो माणूस किंवा त्याचा अंदाज. भाव चढेल असं ज्याला वाटतं तो बुलिश, आपला तेजीवाला. उतरेल म्हणणारा मंदीवाला, म्हणजे बेअरिश.

सब-ब्रोकरच्या ऑफिसात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे "शेठ तेजीत आहेत" म्हटलं की शेठनी माल, म्हणजे शेअर, घेऊन ठेवलाय, असा सरळ अर्थ. टीव्हीवरच्या 'बुलिश'मधून तेवढं कळत नाही. बोलणाऱ्याने पैसे घातलेत की नुसतं मत दिलंय? सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामक संस्थेच्या, २०१४च्या नियमांनुसार संशोधन विश्लेषकाला (शेअरचा अभ्यास करून शिफारस देणाऱ्याला) शेअरमधले आपले हितसंबंध उघड करावे लागतात. ती ओळ पडद्यावरून भर्रकन जाते, तरी ती वाचाच.

दुसरं, मुदत विचारा. हे मला फार कळकळीनं सांगायचंय. मुंबईत दलाल स्ट्रीटवर बीएसईच्या, म्हणजे मुंबई शेअर बाजाराच्या, दारात तेजीची खूण म्हणून जो ब्राँझचा बैल ('बुल') आहे, सोलापूरचे शिल्पकार भगवान रामपुरे यांचा, तो जानेवारी २००८मध्ये बसला. त्याच महिन्यात सेन्सेक्स २१,०००च्या वर गेला होता आणि जो तो बुलिश होता. ऑक्टोबरमध्ये तोच सेन्सेक्स ९,०००च्या खाली! पुन्हा २१,००० दिसायला नोव्हेंबर २०१०ची दिवाळी उजाडली. थांबायची ऐपत होती त्याचा अंदाज अखेर खरा ठरला. मार्चमध्ये मुलीचं लग्न काढलेल्या माणसाला मात्र पडत्या भावात विकावं लागलं. दोघंही जानेवारीत बुलिशच होते.

तेव्हा कुणी "बुलिश आहे" म्हणालं की लगेच विचारा : किती दिवसांसाठी, आणि भाव कुठवर घसरला तर तुम्ही मत बदलाल? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आकड्यात मिळालं नाही, तर त्या सल्ल्यावर पैसे लावू नका.