उटीला निघण्यापूर्वी

दादर, मुंबई

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मे महिन्यात उटीचा उन्हाळी उत्सव पाहायचा आहे आणि हाताशी आठ हजार रुपये आहेत, असे तू कळवलेस. घरी पैसे देऊन उरलेल्या पगारातून तू हा बेत आखलास याचे मला मनापासून कौतुक वाटते. उत्सव पाहायला फारसा खर्च येत नाही. पैसे जातात ते मुक्कामाला आणि टॅक्सीला, आणि या दोन्हींचे दर शनिवार-रविवारी चढतात. तेव्हा रजा सोमवार ते गुरुवार अशी मिळते का, ते आधी पाहा.

मी पहिल्यांदा गेलो तो नेमका पुष्पप्रदर्शनाचा शनिवार होता. वाटेत भेटलेल्या एका दलालाच्या शब्दावर विसंबून मी खोलीचे पैसे आगाऊ दिले, आणि वर पोचल्यावर कळले की त्या नावाचे लॉजच तिथे नाही. ती रात्र मी बसस्थानकाच्या बाकावर मुंबईच्या सुती सदऱ्यात काढली. पहाटे बोटे इतकी आखडली होती की चहाचा पेला दोन्ही हातांनी धरावा लागला. उटी सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मे महिन्यातही तिथली रात्र आपल्या जानेवारीहून गार असते.

म्हणून मुक्काम उटीत न करता तिच्या अलीकडच्या, थोड्या कमी उंचीवरच्या कुन्नूर गावी कर. कुर्ला टर्मिनसहून कोइंबतूरला थेट गाडी आहे. प्रवासात दोन रात्री आणि मधला दिवस जातो, पण स्लीपरचे भाडे विमानाच्या मानाने फारच कमी पडते. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते, त्या सकाळी आळस करू नकोस. कोइंबतूरहून पुढे सरकारी बसने जा. खासगी वाहनाला निलगिरी जिल्ह्यात (उटी आणि कुन्नूर त्यातच येतात) शिरण्यासाठी ई-पास, म्हणजे ऑनलाइन काढायचा परवाना, लागतो, सरकारी बसच्या प्रवाशाला मात्र लागत नाही.

डोंगराच्या पायथ्याच्या मेट्टुपालयमहून उटीला जाणाऱ्या डोंगरी रेल्वेचे आरक्षण हंगामात मिळणे कठीण, पण त्यासाठी हळहळू नकोस. ही ४६ किलोमीटरची लाइन १९०८ मध्ये उटीपर्यंत पोचली आणि २००५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली; तिचा शेवटचा कुन्नूर-उटी टप्पा अनारक्षित तिकिटावर थोडक्या पैशांत करता येतो. दात्यांच्या रुळावरून धापा टाकत आलेले वाफेचे इंजिन कुन्नूरला काढले जाते आणि पुढे डिझेलचे जोडले जाते. ही अदलाबदल पाहायला स्थानकावर अर्धा तास आधी जा.

आता उत्सवात भरणाऱ्या प्रदर्शनांविषयी. उटीचे पुष्पप्रदर्शन १८९६ पासूनचे आहे आणि ते १८४८ साली उभारलेल्या वनस्पती उद्यानात भरते. तिकीट काढून आत जावे लागते, म्हणून दार उघडताच जा आणि फुलांच्या भल्यामोठ्या प्रतिकृतींपुढे छायाचित्रांसाठी जमलेली गर्दी टाळून आधी पायऱ्यांवर मांडलेल्या कुंड्यांकडे वळ. मी एका बुधवारी तिथे एका माळ्याला पाहिले होते: तो प्रत्येक कुंडी थोडी फिरवून फुलांचे तोंड पायवाटेकडे करत होता आणि सुकलेली पाकळी नखाने खुडून खिशात टाकत होता, कारण मातीत पडलेली पाकळी त्याला खपत नव्हती. ही रोपे कित्येक महिने आधीपासून वाढवतात. राणीच्या बागेतले फेब्रुवारीचे प्रदर्शन तू पाहिले आहेस, त्यामुळे यामागचे कष्ट तुला लगेच कळतील.

पण माझा जीव अधिक रमतो तो लहान प्रदर्शनांत. कोटागिरीच्या नेहरू पार्कात भाज्यांचे, गुडलूरला मसाल्यांचे आणि कुन्नूरच्या सिम्स पार्कात फळांचे प्रदर्शन भरते. सगळी एकाच आठवड्यात नसतात, म्हणून त्या वर्षीच्या तारखा जाहीर झाल्यावर त्यांतले एक निवड. कुन्नूरला उतरलीस तर फळांच्या प्रदर्शनाला तुला चालतही जाता येईल. भाज्यांच्या प्रदर्शनात गाजर-मुळ्यांच्या आकृत्या पाहून झाल्या की पिकवणाऱ्यांशी बोल. तमिळ येत नसले तरी हातातली भाजी पुढे करून विचारलेला प्रश्न त्यांना समजतो.

जेवण बसस्थानकाजवळच्या साध्या खानावळीत कर. पाण्यासाठी स्टीलची बाटली ने, कारण त्या जिल्ह्यात प्लॅस्टिकच्या बाटल्यांवर बंदी आहे. वळवाची सर केव्हाही येते, तेव्हा छत्री ने. हजार रुपये वेगळे बांधून ठेव आणि परतीच्या गाडीत बसेपर्यंत त्यांना हात लावू नकोस.

तिकीट हाती आले की कळव. माझी लोकरी कानटोपी कपाटात आहे, ती रविवारी येऊन घेऊन जा.

तुझे
सर