भाजीची रोपं करायला काथ्याचे विघटनशील कप घ्यावेत का? ते रोपासकट पुरले तर खरंच मातीत मिसळतात का?

तुम्ही लिहिलंय की ठाण्यात पूर्वेकडची बाल्कनी आहे, पावसाच्या तोंडावर टोमॅटो, मिरची, काकडी आणि कारलं लावायचंय, आणि पन्नास काथ्याच्या कपांचं पाकीट कार्टात टाकून ठेवलंय. पाकिटावर म्हटलंय, रोप कपासकट पुरा, कप आपोआप विरघळेल. ते पाकीट अजून दोन दिवस कार्टातच राहू द्या.

मी पुण्यात गच्चीवर भाज्या लावतो. पाच-सहा वर्षांपूर्वी मीही असंच पाकीट मागवलं होतं. जूनमध्ये मिरचीची बारा रोपं कपासकट मोठ्या कुंड्यांत लावली. पाऊस झाला, खत झालं, दुकानातून आणलेली कसली कसली पाण्यात घालायची पावडर झाली, पण रोपं वीतभराच्या वर जाईनात. बाजूलाच, शेतकरी मित्राने वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेली उघड्या मुळांची चार रोपं होती, ती मात्र कमरेला लागली. दिवाळीनंतर वैतागून बाराच्या बारा उपटली. प्रत्येकीच्या बुडाशी कप जसाच्या तसा! इतका शाबूत की धुऊन पुन्हा वापरता आला असता, आणि दोन मी खरंच वापरले. आत मुळं गोलगोल फिरून शेवयांची जुडी झालेली. जी चार-दोन मुळं बाहेर पडली होती, ती कपाच्या बुडाला मुळातच असलेल्या भोकातून.

नंतर विचार केला तेव्हा आपलंच हसू आलं. केरळात नारळाची सोडणं बॅकवॉटरमध्ये महिनोन्महिने कुजत ठेवतात. भोवतालचा मऊ भाग सडून जातो, काथ्या टिकतो, म्हणून तर त्याचे दोर वळता येतात. जो धागा इतके महिने खाऱ्या पाण्यात बुडून सडत नाही, तो माझ्या कुंडीत तीन आठवड्यांत विरघळेल, अशी अपेक्षा मी धरली होती. त्यात लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारं द्रव्य, भरपूर असतं आणि ते पचवायला सूक्ष्मजीवांना वेळ लागतो. शिवाय मोकळ्या जमिनीत गांडुळं, वाळवी, बुरशी, किडे अशी सगळी पंगत बसलेली असते. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) भरलेल्या, आठवड्यातून दोनदा कोरड्या पडणाऱ्या कुंडीत ती मंडळी येणार कुठून? म्हणजे पाकिटावरचं वाक्य खोटं नाही, पण ते ओल्या, जिवंत जमिनीसाठी लिहिलेलं आहे. बाल्कनीतल्या कुंडीसाठी नाही.

तेव्हापासून मी एकच हिशोब बघतो. रोप कपात जितके दिवस राहणार, साधारण तितकंच कपाचं आयुष्य हवं. आधी फुटला तर रोप हातात सुट्टं येतं. महिनोन्महिने टिकला तर तो पिंजरा होतो.

हा हिशोब तुमच्या चार भाज्यांना लावून बघा. टोमॅटो आणि मिरचीला असा कप मुळात लागतच नाही. आपल्याकडे शेतकरी पिढ्यान् पिढ्या गादीवाफ्यावर, म्हणजे मातीच्या उंच सपाट वाफ्यावर, रोपं करतात, उपटतात, मुळं झटकून दुसऱ्या शेतात लावतात, आणि ती जगतात. टोमॅटो तर इतका सोशिक की रोप पहिल्या पानांपर्यंत खोल पुरलं, तर पुरलेल्या देठालाही मुळं फुटतात. (मिरचीला एवढं खोल पुरू नका.) टोमॅटोचं रोप पंचवीस-तीस दिवसांत तयार होतं, मिरचीचं घरी सव्वा ते दीड महिना सहज घेतं. दीड महिना ओला राहणारा कागदाचा कप शेवटी हातात लगदा होऊन येतो आणि काथ्याचा कप पिंजरा होतो. या दोघांसाठी रोपवाटिकेत असतो तसा प्रो-ट्रे, म्हणजे खणाखणांचा प्लॅस्टिकचा ट्रे घ्या, नाहीतर बुडाला भोकं पाडलेला श्रीखंडाचा डबा. डब्यात ओळीने बी टाका आणि दोन खरी पानं (बियातून निघणाऱ्या पहिल्या जोडीनंतरची) आली की रोपं वेगळी करा. प्लॅस्टिक वाईट वगैरे मलाही पटतं, पण तोच ट्रे धुऊन सहा वर्षं वापरला तर तो दरवर्षी कुरिअरने येणाऱ्या पन्नास कपांहून वाईट कसा, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही.

काकडी आणि कारल्याची गोष्ट वेगळी. वेलभाज्यांना मुळांना धक्का लागलेला चालत नाही. म्हणूनच आपले लोक त्यांचं रोप न करता आळ्यात थेट बी टोकतात. तुमच्याकडे कुंडी आत्ता रिकामी असेल तर तुम्हीही थेट टोका, कप-बिप सगळं विसरा. पण कुंडीत उन्हाळ्याचं काही उभं असेल, किंवा गोगलगायी कोवळे कोंब खात असतील, तर बारा-पंधरा दिवसांचं रोप हाताशी असणं सोयीचं. इथे विघटनशील कप खरोखर उपयोगी पडतो. पंधरा दिवस टिकला की काम झालं, आणि कपासकट लावल्यामुळे मुळांना कळतही नाही.

पंधरा दिवस टिकणारा कप म्हणजे वर्तमानपत्र. तो असा करतो: पानाची साधारण बारा सेंटिमीटर रुंद, तीस-पस्तीस लांब पट्टी फाडायची. मसाल्याची किंवा गोळ्यांची पाचेक सेंटिमीटर व्यासाची बाटली घ्यायची. पट्टी तिच्याभोवती गुंडाळायची, खाली चार बोटं सोडून. ती चार बोटं आत दुमडत जायची, पुड्या बांधणारा वाणी दुमडायचा तशी, आणि बाटली ओट्यावर दाबून बूड बसवायचं. बाटली काढली की कप तयार. गोंद नको, सेलोटेप नको, स्टेपलरची पिन तर नकोच. उभा राहत नाही म्हणून घाबरू नका, एकटा तो राहणारच नाही. एका उथळ डब्यात सगळे खेटून बसवले की एकमेकांच्या आधाराने राहतात. फक्त गुळगुळीत, चकचकीत पुरवण्यांचा कागद घेऊ नका. तो पाणी नीट शोषत नाही आणि मऊही पडत नाही.

भरायला मी दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि मूठभर वाळू घेतो. विटेसारखं दाबलेलं कोकोपीट आधी भिजवून दोन-तीन पाण्यांतून पिळून घ्या, त्यातले क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. कारल्याचं बी टणक असतं. रात्रभर भिजवून, टोकाकडचं कवच नखाने किंवा नेलकटरने किंचित उडवलं तर लवकर उगवतं. काकडीला भिजवण्याचीही गरज नाही, तीन-चार दिवसांत डोकं वर काढते. बी दोन सेंटिमीटरपेक्षा खोल नको.

पाणी वरून ओतू नका, कागद बसतो आणि बी वर येतं. डब्यात बोटभर पाणी घालायचं, वीसेक मिनिटांनी उरलेलं काढून टाकायचं. पहिले चार दिवस वर कागद झाकला तरी चालेल, पण कोंब दिसल्या दिवशी तो काढा आणि डबा थेट उजेडात न्या. एक दिवस उशीर झाला तरी काकडीचा कोंब दोऱ्यासारखा लांबतो आणि मग आडवा होतो.

आता एक गोष्ट जी कुठल्याच पाकिटावर नसते. हे सगळे कप, काथ्याचे असोत, कागदाचे असोत की शेणाचे, माठासारखे वागतात. भिंतीतून पाणी झिरपतं, उडतं, आणि आतली माती गार पडते. त्याचा फायदाही आहे आणि तोटाही. एप्रिल-मेमध्ये, गच्चीवर काळ्या प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये मुळं शिजतात तेव्हा, कागदाच्या कपातली थंड राहतात, पण दिवसातून दोनदा पाणी लागतं. एक दुपार चुकली की खेळ खलास. उलट डिसेंबर-जानेवारीत पुण्या-नाशकाकडे, जिथे रात्री आधीच गारठा असतो, तिथे मिरचीचं बी अशा कपात दोन-दोन आठवडे नुसतं बसून राहतं. मी ते ट्रे फ्रिजच्या डोक्यावर ठेवायला लागलो तेव्हा उगवलं. ठाण्यात थंडीचा हा त्रास तुम्हाला फारसा होऊ नये.

याच कारणाने पुरताना कपाची कड मातीच्या वर डोकावता कामा नये. डोकावली तर ती दिव्याच्या वातीसारखी खालचं पाणी ओढून हवेत उडवते आणि आजूबाजूची कुंडी ओली असूनही मुळांशी मात्र कोरडं. कागदाचा वरचा काठ फाडून टाका, बुडाला बोटाने एक-दोन चिरा द्या, आणि लावण्याआधी सबंध कप पाण्यात चिंब भिजवा. कोरडा कप कोरड्या मातीत पुरला तर कागदही दोन महिने तसाच राहतो.

जूनमध्ये तुमच्याकडे पाऊस सुरू झाला की कपांवर पांढरी बुरशी दिसेल. बहुतेक वेळा ती कागद खाणारी असते, रोपाला काही करत नाही. कप जरा लांब-लांब ठेवून वारा खेळू द्या. काळजी करायची ती वेगळ्याची. रोप जमिनीलगत पाणचट, बारीक होऊन एका रात्रीत कोलमडलं, तर तो ‘मर’ नावाचा रोग. तो सततच्या ओलीने येतो, आणि हे कप सतत ओलेच असतात. भरताना मिश्रणात चमचाभर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळा. कोलमडलेलं रोप कपासकट टाकून द्या आणि बाकीच्यांचं पाणी एक दिवस तोडा. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण चिखल नाही अशी स्थिती, ही फक्त शेतातली गोष्ट नाही, पाच सेंटिमीटरच्या कपातही तो सांभाळावा लागतो.

पानं फिकी, पिवळट दिसली तर घाबरून भसाभस खत घालू नका. कागद आणि काथ्या कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र लागतं, ते कपातलंच उचलतात आणि रोप उपाशी राहतं. खरी पानं आल्यावर आठवड्यातून एकदा, गांडूळपाणी (गांडूळखताच्या ढिगातून झिरपलेलं पाणी) दहापट पाणी घालून दिलं तर पुरतं.

माझी कोकणातली मावशी हे वाचून हसेल. ती पडवळाचं आणि दोडक्याचं रोप पानांच्या द्रोणात करते. पळसाची पानं, नसली तर केळीच्या खोडाच्या सोपटाचा, म्हणजे सालीच्या थराचा, तुकडा वळवून. चोयेची (बांबूच्या काडीची) एक टोचणी, मूठभर माती, एक बी. पावसाची पहिली झड बसली की द्रोणासकट आळ्यात. केळीचं सोपट दोन-अडीच आठवड्यांत काळं पडून मऊ होतं, म्हणजे हिशोब बरोबर बसतो. तुम्हाला बाजारात फुलवाल्यांकडे द्रोण मिळाले तर पानाचेच घ्या. आतून चंदेरी कागद लावलेले मिळतात, ते नकोत.

तसंच, चहाचा कागदी कप वापरू नका. त्याला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, म्हणून तर चहा गळत नाही. कागद कुजतो, थर मातीत राहतो. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेले पारदर्शक कप बहुतेक पीएलएचे, म्हणजे वनस्पतींपासून केलेल्या प्लॅस्टिकचे असतात. त्यांना कुजायला मोठ्या कारखानी खतढिगातली पन्नास-साठ अंशांची उष्णता बरेच दिवस लागते, तुमच्या कुंडीत ते पुढच्या वर्षीही सापडतील. अंड्याचं टरफल फोटोत छान दिसतं, पण त्यात माती चमचाभरच मावते आणि मुळाला ते फोडता येत नाही. उसाच्या चिपाडाच्या वाट्या मात्र चांगल्या, बुडाला भोक पाडून वापरा. २०१८च्या जूनमध्ये राज्यात प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी सुरू झाली, त्यानंतर त्या सगळीकडे मिळायला लागल्या. त्याआधी आमच्या सोसायटीत प्रत्येक रोप दुधाच्या पिशवीत वाढायचं, माझंही.

शेणाच्या कुंड्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण कुणीतरी सुचवेलच. उन्हाळ्यात उत्तम, आणि त्या खतही देतात. पण चांगल्या वाळलेल्या हव्यात, आणि ठाण्याच्या पावसात उघड्यावर ठेवल्या तर दोन दिवसांत शेणाचा काला होईल. तळमजल्यावर जमिनीला टेकवून ठेवल्या तर वाळवीला आमंत्रण.

काथ्याचे कप घ्यायचेच असतील, किंवा हे वाचेपर्यंत ते घरी आलेच असतील, तर वाया जाणार नाहीत. रोप लावताना कात्रीने वरपासून खालपर्यंत तीन ठिकाणी उभं कापा, बूड पूर्ण काढून टाका आणि मगच पुरा. मिरचीसाठी तर कप सरळ सोलून काढा, तिची मुळं तेवढं सोसतात. काढलेल्या कपांचे तुकडे कुंडीच्या तळाशी, भोकांवर टाका, माती वाहून जात नाही. माझ्या कुंड्यांच्या तळाशी त्या पहिल्या पाकिटाचे तुकडे अजून आहेत.