३.४९ खरं की ३.४२?

प्रश्न : दिंडोरीजवळ आमची छोटी वायनरी आहे. एकाच टाकीतल्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा कमी तितका रस आंबट) माझ्या मीटरवर ३.४९ आला, नाशिकच्या प्रयोगशाळेनं ३.४२ दिला. मीटर रोज ७ च्या बफरवर (पीएच ठरलेल्या द्रावणावर) कॅलिब्रेट करतो. कुणावर विश्वास ठेवू? – एक बागायतदार

उत्तर : दोघांवर ठेवा, फक्त दुसऱ्या दशांशावर एवढा जीव टाकू नका. सातपूरच्या एका लॅबमध्ये माझी नोकरी झाली. कुणी पीएचची तक्रार आणली की मी आधी विचारायचो, ‘मीटर कुठल्या बफरवर लावला?’

तुम्ही एकट्या ७ वर लावता. म्हणजे तराजूचा काटा शून्यावर आणला, वजनं तपासलीच नाहीत. ७ ला काचेचा इलेक्ट्रोड जवळपास शून्य मिलिव्होल्ट देतो. पुढं २५ अंशाला दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट मिळायला हवेत. हा त्याचा उतार. इलेक्ट्रोड जुना होतो किंवा मळतो तसा तो घटतो. नुसता ९८ टक्क्यांवर आला, तरी ३.४२ चा रस ३.४९ दिसतो. तुमचा अख्खा फरक यातच आला!

म्हणून ४.०१ चं बफरही घ्या. पडताळणीला पोटॅशियम बायटार्ट्रेटचं संपृक्त द्रावण उत्तम, २५ अंशाला ३.५६. हेच मीठ तुमच्या टाकीच्या तळाशी खडे धरतं, पण बफरसाठी शुद्ध विकत आणा, टाकी खरवडू नका. जानेवारीतल्या पहाटेचा रस १२ अंशाचा आणि मीटर २५ वर लावलेला, असं झालं तर आणखी ०.१६ चढतात.

एवढं केलं तरी अनिश्चितता उरतेच. बफरच्या बाटलीवर ±०.०२ असेल, तर ३ च्या वर्गमूळानं भागून ०.०१२ धरा. पुन्हा पुन्हा मोजताना येणारा फरक ०.०२. इलेक्ट्रोडच्या सच्छिद्र टोकाशी बफर आणि रस वेगवेगळे वागतात, त्याचे आणखी ०.०२. हे आकडे सरळ मिळवायचे नसतात. प्रत्येकाचा वर्ग, बेरीज, मग वर्गमूळ : ०.०३. साधारण ९५ टक्के खात्रीसाठी दुप्पट, म्हणजे ±०.०६. प्रयोगशाळेचीही तेवढीच धरली, तर दोन आकड्यांत ०.०८ पर्यंतचा फरक खपून जातो. तुमचा ०.०७ आहे. भांडण कसलं?

खिशाला मात्र हा फरक लागतो. वाइनमधले जंतू रोखणारा रेणूरूप सल्फर डायऑक्साइड लिटरला ०.८ मिलिग्रॅम राखायचा, तर ३.४२ ला मुक्त (वाइनमधल्या इतर घटकांशी न बांधलेला) सल्फर डायऑक्साइड ३३ मिलिग्रॅम लागतो, ३.४९ ला ३९. मी असतो तर दोन बफरवर मीटर लावून, रस पुन्हा मोजून मगच सल्फाइट (सल्फर डायऑक्साइड देणारं मीठ) तोललं असतं.

इलेक्ट्रोड डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवत असाल तर आजच बंद करा. ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडमध्ये ठेवा. आणि प्रयोगशाळेच्या अहवालावर ± छापलेलं नसेल तर फोन करून मागा. देत नसतील तर पुढचा नमुना दुसरीकडे न्या.